धुराची बदली

दक्षिण वेल्समधील उद्योगपतींनी सरकारच्या सहकार्याने अवजड उद्योगांतील कार्बनाचे निर्मूलन करण्याचे जे व्रत अंगीकारले आहे, त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केल्यावाचून राहवत नाही. ब्रिटिश खजिन्यातून ५० कोटी पौंडांचे साहाय्य मंजूर होऊन ३० सप्टेंबर २०२४ रोजी पोर्ट टॅलबॉट येथील टाटा स्टीलची अखेरची झोतभट्टी शांत झाली; त्यापूर्वी अवघे दहा दिवस त्याच कंपनीने ओडिशातील कलिंगनगरात भारतातील सर्वांत मोठी झोतभट्टी प्रज्वलित केली होती, आणि वेल्समध्ये विद्युत्भट्टी उभी राहीपर्यंत पोलादाच्या लाद्या हिंदुस्थानातूनही मागवण्याची तजवीज झालेली होती. कामगार तर असे कार्बनमुक्त झाले, की त्यांतील अनेकांना कारखान्यापर्यंत जाण्याचेही श्रम उरले नाहीत.

कारकुनाची बदली होताच त्याच्या कसुरीही जुन्या दफ्तरातून खारीज व्हाव्यात, तद्वत वेल्सचा हिशेब निष्कलंक झाला. हेच तत्त्व स्वीकारून प्रत्येक राष्ट्राने आपली चिमणी सरहद्दीपलीकडे दोन पावलांवर रोवली, तर पृथ्वीवरील यच्चयावत देश प्रदूषणमुक्त ठरतील, व शिल्लक धूर बेवारस म्हणून आकाशाच्या नावे जमा करता येईल. आता वातावरणास एवढीच विनंती, की पारपत्र तपासल्यावाचून त्याने कोणताही धूर आत घेऊ नये.