स्लॅब एकदाच पडतो, तारीख पडत राहते

निकाल लागले की ओळखीचे पालक आमच्याकडे सल्ल्याला येतात. सदर लिहिणाऱ्याला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे आणि तो मोडण्यात आम्हांला काही फायदा दिसत नाही. यंदाचा प्रश्न : मुलाला सिव्हिल इंजिनिअरिंगला घालावं की लॉला? आमचं उत्तर तयार असतं. सिव्हिलवाला बिल्डिंग बांधतो, ती कधी ना कधी पुरी होते, मग हेल्मेट घालून पुढच्या साइटवर उन्हात उभं राहणं आलं. त्याच बिल्डिंगवरून भांडणारा वकील मात्र एकाच पत्त्यावर बंगला बांधतो, मुलांची शिक्षणं उरकतो आणि थकला की फाईल मुलाच्या हाती देतो. मुलगा हुशार निघाला तर तो ती फाईल संपवत नाही.

ही वकिली पाया खणायच्या आधी सुरू होते. करारनामा शंभर-सव्वाशे पानांचा असतो. खरेदीदार त्यातल्या दोनच गोष्टी वाचतो, रक्कम आणि स्वतःच्या नावाचं स्पेलिंग. उरलेलं तो निबंधक कार्यालयात अंगठा आणि फोटो देऊन झाल्यावर, म्हणजे पाच वर्षांनी, वकिलाच्या टेबलासमोर बसून प्रथम वाचतो. तोवर ताब्याची तारीख उलटून गेलेली असते.

उशीर का झाला, याची कारणं शोधणं ही ज्युनिअरची पहिली परीक्षा. 2016 च्या रेरा कायद्याचं सहावं कलम कंजूष आहे. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप किंवा निसर्गाचा असाच काही कोप झाला तर मुदतवाढीला आधार मिळतो. एवढ्या तुटपुंज्या आपत्तींवर कुठला बिल्डर तग धरणार? म्हणून लेखी म्हणण्यात वाळू मिळाली नाही, नोटाबंदी झाली, जीएसटी आला, मजूर गावी गेले, पालिकेचे साहेब बदलले, असं सगळं यथासांग यावं लागतं. कोविडसाठी सहा महिन्यांची मुदत सरकारनंच देऊ केली. पण 2017 मध्ये ताबा द्यायचा होता त्यांनीही 2020 च्या साथीकडे बोट दाखवून पाहिलं. घोडबंदर रोडवरच्या टॉवरला मराठवाड्यातल्या दुष्काळाची झळ कशी लागली, हे हसू न येता सांगता आलं, की समजावं, पोरगं आता सिनिअर झालं.

खरं तर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2021 मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात विषयच मिटवला होता. मुदतीत ताबा दिला नाही तर पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे, मधे काय घडलं ते गैरलागू. एखाद्याला वाटेल, झालं, वकिलांची दुकानं बंद. अहो, कायदा स्पष्ट झाला की युक्तिवादाला खरा जोर चढतो. बिनशर्त म्हणजे किती बिनशर्त, यावर दोन तारखा आरामात निघतात.

तारखांवरून आठवलं. याच कायद्यात अपील साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं लिहिलं आहे. ‘प्रयत्न’ हा शब्द ज्यानं घातला त्याचा वकील संघटनांनी पुतळा उभारायला हवा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, अशी पूर्वीच्या लोकांची ताकीद होती. महारेरानं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणानं, तीही अडचण ठेवलेली नाही. सुनावणी व्हिडिओवरही होते, त्यामुळे पायरी चढावीच लागत नाही. शहाणेसुद्धा आता घरबसल्या तारीख घेतात.

समजा, ताबा मिळाला. आता गळती. कायद्यानं ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे आणि दोष कळवल्यापासून तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. इथे दोन इंजिनिअर लागतात. सोसायटीचा इंजिनिअर स्टूलवर चढून बीमवरच्या भेगेवर काचेची एक छोटी पट्टी आडवी चिकटवतो आणि तिच्या कडेला मार्करनं तारीख घालतो. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे. महिन्यानं पट्टी तडकते. मग बिल्डरचा इंजिनिअर येतो, चष्मा कपाळावर चढवतो, काच न्याहाळतो आणि अहवालात लिहितो की काच हलक्या प्रतीची होती. भेग प्लास्टरची आहे, ओल वरच्या काकूंच्या वॉशिंग मशीनची आहे, आणि गॅलरीत तुळशीची कुंडी ठेवून सदस्यांनी मूळ रचनेत परस्पर बदल केलेला आहे. या अहवालाची उलटतपासणी करता करता पाच वर्षं सरतात, आणि मग दोष नक्की कधी कळवला, यावर नवा अर्ज पडतो.

पार्किंगबद्दल फार बोलत नाही. इमारतीखालच्या खांबांमधली जागा बिल्डरला विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलं. तेव्हापासून ती विकत नाहीत. ‘अलॉट’ करतात.

इमारत पस्तीस-चाळीस वर्षांची झाली की वकिलाच्या दृष्टीनं तिला पुन्हा तारुण्य येतं. आधी कन्व्हेयन्स. 1963 च्या मोफा कायद्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन तिच्या नावावर व्हायला हवी. चार महिने इतके लांबले की सरकारला शेवटी मानीव अभिहस्तांतरण नावाची सोय करावी लागली. बिल्डर सही करत नाही ना, मग त्यानं केली असं मानू या! इतका सहनशील कायदा जगात विरळा.

मग पुनर्विकास. शासनाच्या 2019 च्या निर्णयानुसार एकावन्न टक्के सभासदांची संमती पुरते आणि विकासक निवडायच्या सभेचं चित्रीकरण सक्तीचं आहे. त्यामुळे कोण कोणाला काय म्हणालं याचा सोसायटीच्या इतिहासात प्रथमच पुरावा उरतो. संमती न देणाऱ्यांत तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त काका असतात. ते घर सोडणार नाहीत, कारण त्यांना मिळणारा कार्पेट एरिया शेजाऱ्यापेक्षा अकरा चौरस फुटांनी कमी आहे. विकासक लवाद कायद्याच्या नवव्या कलमाखाली हायकोर्टात जातो. बहुमताचा निर्णय अल्पमतावर बंधनकारक, असं कोर्ट सांगत आलं आहे, तसंच याही वेळी सांगतं. काका जातात. पण तोवर विकासकाकडचे पैसे संपलेले असतात आणि रहिवाशांचं भाडं थकलेलं असतं. आता काकाच सगळ्यांना आपल्या वकिलाचा नंबर देतात.

मुलगा महत्त्वाकांक्षी असेल तर त्याला सोसायट्यांत अडकू देऊ नका, थेट लवादात घाला. दिल्ली विमानतळाची मेट्रो 2011 मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी गर्डरखालच्या बेअरिंगमध्ये दोष निघाले, तडे दिसले, गाडी थांबली आणि चालवणाऱ्या खासगी कंपनीनं करार मोडला. 2013 च्या जानेवारीत दुरुस्ती होऊन गाडी परत धावू लागली. भांडण त्यानंतर रुळावर आलं. 2017 मध्ये लवादानं दिल्ली मेट्रोला सुमारे 2,782 कोटी द्यायला सांगितलं. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ते कायम केलं, 2019 मध्ये खंडपीठानं रद्द केलं, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा उभं केलं, आणि एप्रिल 2024 मध्ये क्युरेटिव्ह याचिकेवर त्याच सर्वोच्च न्यायालयानं ते पाडलं. तोवर व्याज धरून आकडा आठ हजार कोटींच्या घरात गेला होता आणि जे सुमारे 3,300 कोटी दिले गेले होते ते परत करा, असा हुकूम झाला. बेअरिंग दुरुस्त होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. माणसं रोज त्याच गर्डरवरून जाऊन विमानं पकडत होती. गर्डर कोणी बसवले त्यांची नावं आज कुणाला आठवत नसतील. वकिलांची आठवतात.

दोनच महिन्यांनी केंद्रीय अर्थ मंत्रालयानं सरकारी खात्यांना कळवलं, की दहा कोटींवरच्या वादांसाठी सरसकट लवादाचं कलम घालू नका. घाबरण्याचं कारण नाही. लवाद नसेल तर दिवाणी कोर्ट आहेच, आणि तिथे तर जागाच जागा.

शेवटचा पेपर वसुलीचा. त्यात भले भले गचकतात. महारेराचा निकाल लागतो, मूळ रक्कम आणि त्यावर स्टेट बँकेच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज. बिल्डरला अपील करायचं तर ग्राहकाला द्यायची सगळी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून चतुर बिल्डर अपीलच करत नाही. तो निकालाचा आदर करतो आणि पैसे देत नाही. मग जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करा, असं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदारांकडे. तहसीलदार पंचनाम्यांना गेलेले असतात, किंवा निवडणुकीच्या कामाला, किंवा नुकतेच बदलून आलेले असतात. जप्त करावा असा बिल्डरचा रिकामा फ्लॅट सापडतो तो बँकेकडे गहाण निघतो.

“वकीलसाहेब,” अशील वॉरंटची झेरॉक्स पुढे करतं, “आपण केस जिंकलो ना?”

“म्हणजे काय काका! खर्चासकट.”

“मग पैसे?”

“ती वेगळी मॅटर. वकीलपत्र नवीन लागेल.”