डाव्या हाताचा हातमोजा

आमच्या सोसायटीतले काका वर्षातून ३ दिवस गोल्फ खेळतात आणि उरलेले ३६२ दिवस त्याबद्दल बोलतात. डोंबिवलीत प्रत्येक सोसायटीच्या वाट्याला असा एक काका आलेला असतो. ठाण्यात घोडबंदर रोडला तर मजल्यागणिक एक निघेल.

यंदा काका-काकू काणकोणला गेले होते. मांडवी एक्स्प्रेसने मडगाव, पुढे टॅक्सी. राजबागच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात ९ होलचं मैदान आहे. तेच दोनदा फिरलं की १८ होतात. दुसऱ्या खेपेला पहिला फटका तेवढा वेगळ्या जागेवरून मारायचा. काकूंना हे लगेच पटलं. उरलेल्या भाताला फोडणी दिली की सकाळी नवा पदार्थ होतोच.

"पण काका, खारघरला सिडकोचं मैदान आहे की," मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मामलेदारची मिसळ खाताना मी साखर मागितली.

"तिथे समुद्र कुठाय? अरे, स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजमध्ये समुद्राकाठीच खेळतात. १७६४ साली २२ होलचे १८ केले, ते तिथेच!"

ही सनावळी त्यांना तोंडपाठ. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, होल सव्वाचार इंचांचं, हेही लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेस्तोवर सांगून होतं.

प्रत्यक्ष खेळ मात्र काकूंकडून ऐकावा. काकांनी पहिला फटका मारला, चेंडू वाऱ्यावर भलतीकडे गेला आणि कॅडी जिवाच्या आकांताने ओरडला, "फोर!" पुढच्या लोकांनी डोकी सांभाळावीत म्हणून गोल्फमध्ये असं ओरडतात. काकांचा जन्म गल्ली क्रिकेटमध्ये गेलेला. त्यांनी चौकार समजून हात उंचावला आणि चारही दिशांना अभिवादन केलं.

चेंडू सापडला वाळूच्या खड्ड्यात. काका त्यात उतरले. पहिल्या फटक्याला वाळू उडाली, दुसऱ्याला आणखी उडाली, तिसऱ्याला टोपी. चेंडू जागचा हलेना. काकू छत्रीखाली चिवड्याची पुडी उघडून बसल्या होत्या, पोळ्या मोजाव्यात तसे फटके मोजत. त्या होलचे काकांच्या कार्डावर ६ लागले, काकूंचे ११ झाले.

"वाळूतले धरत नाहीत," काका म्हणाले.

"का? तिथे काय डास मारत होतात?"

आता तो चेंडू शोकेसमध्ये शांतादुर्गेच्या फोटोशेजारी विराजमान आहे. हातमोजा मात्र रोजच्या वापरात आला. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो डाव्या हातातच घालायचा असतो, त्यामुळे दुकानदाराने एकच दिला. "दुसरा हरवला का हो?" असं समोरच्या आजी अजून विचारतात. लोकलच्या दारातला दांडा धरायला त्यासारखं साधन नाही. कितीही घाम आला तरी पकड सुटत नाही, हे काकांचं संशोधन.

तेव्हा सकाळच्या फास्टला दारात पांढरा हातमोजा घातलेला एखादा डावा हात दिसला, तर कृपा करून स्कोअर विचारू नका. निदान ठाणं येईपर्यंत तरी. विचारायचाच असेल तर संध्याकाळी घरी या, काकूंना विचारा.