जयपुरात म्हणे कुत्र्यांची नखं घासतात!

कानावर आलंच असेल तुमच्या. नसेल तर बसा जरा, आणि दार लोटून घ्या.

आमच्या या शालीन, गुलाबी नगरीत भल्या घरची माणसं भरदुपारी खिडक्या लावून घेतात आणि आतून घर्रर्र असा आवाज येतो. मधूनच कोणीतरी लाडात येऊन म्हणतं, "झालंच हं राजा, एकच बोट राहिलं." शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय समजायचं? बरं, दार उघडावं तर आत दृश्य काय? सतरंजीवर तीस किलोचा लॅब्राडोर उताणा पडलेला, त्याच्या तोंडात पनीर, आणि घरधनी डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क लावून त्याच्या पंजाशी विजेचं यंत्र धरून बसलेला. नखं घासायला! कापायला नव्हे हो, घासायला.

हे खूळ आधी सी-स्कीमच्या बंगल्यांत शिरलं, तिथून वैशालीनगरात आलं आणि आता मानसरोवरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटांतही पोचलंय. मुठीत मावेल एवढं यंत्र, मोबाइलसारखं चार्ज करायचं, टोकाला खरखरीत गोल फिरणारा दगड. हजार-दोन हजारांच्या आसपास मिळतं. एका घरात तर कुत्रीला 'बाईसा' म्हणतात, आणि बाईसांचा घासणीचा वार ठरलेला आहे. त्या दिवशी घरात पाहुणा आलेला चालत नाही. सासरे आले तरी त्यांनी गॅलरीत थांबायचं.

इथल्या मराठी मंडळींचं काय सांगू! गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत पूर्वी मुलांचे पगार आणि सुनांचे स्वभाव चर्चेला असायचे. आता 'काळ्या नखात जिव्हाळी कुठे संपते' यावरून दोन काकूंचं वाजलं. अगदी मोदक हातात धरून. एका आजींनी मात्र सगळ्यांना गप्प केलं. त्या म्हणाल्या, "ते सगळं राहू दे, कुत्र्याला शनिवार लागतो का ते सांगा." तिन्हीसांजेला नखं कापू नयेत, शनिवारी तर मुळीच नाहीत, आणि घरात नखं सांडली की भांडणं होतात, हे आपण ऐकत आलो. इथे तर नखांची पूडच उडते, म्हणजे भांडण घरभर पसरणार. कोणालाच उत्तर सुचलं नाही, पण त्या शनिवारी बऱ्याच घरांतली यंत्रं बंद होती, अशी पक्की खबर आहे.

आता हे सुरू कुठून झालं? माझ्या मते रजईपासून. जयपुरी रजई म्हणजे मलमलीच्या खोळीत पिंजून पिंजून हलका केलेला कापूस. आपल्या गोधडीसारखी ती काही सोसत नाही. जानेवारीच्या थंडीत कुत्रा पलंगावर चढला, एकदा गोल फिरला, दोनदा उकरलं, की सांगानेरी छपाईच्या फुलातून कापूस बाहेर. मग हाताने विणलेल्या गालिच्याचे धागे. मग पाहुण्यांच्या मांडीवरचे ओरखडे. माणूस कुत्र्याच्या पायाकडे बघतो तो असा, नुकसान झाल्यावर.

पण खरा गुन्हेगार जमीन आहे, आणि इथे मला थोडं गंभीर व्हावं लागतंय, माफ करा. मकराण्याचा जो संगमरवर शहाजहानने ताजमहालाला नेला, तो आता आमच्या दिवाणखान्यांत आहे. दिसतो सुरेख, उन्हाळ्यात गार लागतो, कुत्रा त्यावर चारी पाय फेकून पडतो. मात्र पॉलिश केलेल्या दगडावर नख झिजत नाही, नुसतं वाजतं. टक्, टक्, टक्. बाहेर न्यावं तर मे महिन्यात पारा 45 अंशांशी खेळतो, डांबर तव्यासारखं तापतं, तळवे भाजतात. म्हणून फेरफटका सूर्य उगवायच्या आत आणि रात्री जेवणं झाल्यावर, तोही गल्लीच्या टोकापर्यंत. नखं झिजणार कशी?

त्याउलट परकोट्यातला, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातला कुत्रा बघा. जौहरी बाजाराच्या फरशीवर दिवसभर पळापळ, रात्री दुसऱ्या गल्लीतल्यांशी मारामाऱ्या, दुपारी गारव्यासाठी माती उकरणं. त्याच्या नखांची काळजी रस्ता घेतो. 'हेल्प इन सफरिंग' ही क्रिस्टल रॉजर्स यांनी 1980 साली इथे काढलेली संस्था 1994 पासून गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी करते, रेबीजची लस टोचते आणि ज्याला जिथून उचललं तिथेच परत सोडते. या साऱ्या उठाठेवीत नखं घासण्याचा विषय कोणी काढल्याचं ऐकिवात नाही. आपण कुत्र्याला घरात घेतलं, त्याच्या पायाखालचा रस्ता काढून घेतला, आणि आता तो रस्ता बॅटरीवर चालवून बोटाबोटाने परत देतोय. चहाटळपणा म्हणा हवं तर, पण हिशेब असाच आहे.

शिवाय नखं वाढू देणं हाही पर्याय नाही बरं का. लांबलेलं नख जमिनीला टेकलं की बोट वर ढकललं जातं, कुत्रा पाय वाकडा टाकायला लागतो, म्हातारपणी तर सांध्यांचे हाल. आणि पुढच्या पायांना आतल्या बाजूला, थोडं वर असलेलं ते पाचवं नख तर जमिनीला लागतच नाही. ते रस्त्यावरच्या कुत्र्याचंही आपोआप झिजत नाही, गोल वळून कातडीत शिरू शकतं. म्हणजे सोळा आणि ही दोन, अशी अठरा नखं. मागच्या पायांनाही पाचवं असेल तर वीस. एवढं मोजून होईपर्यंत कुत्रा सोफ्याखाली गेलेला असतो.

कात्रीने का कापत नाही, असं विचारलंत ना? विचारा ज्याने कापलं त्याला. नखाच्या आत जिव्हाळी असते, रक्ताची आणि संवेदनेची. नख पांढरं असेल तर ती गुलाबी दिसते, काळं असेल तर देवाच्या भरवशावर. एकदा कट्टकन् ती कापली गेली की रक्त थांबता थांबत नाही, संगमरवरावर ठसे उमटतात, घरातलं एक माणूस रडतं, एक तुरटी शोधतं (तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लॉर दाबून धरावं, चालतं), आणि कुत्रा तो प्रसंग आयुष्यभर लक्षात ठेवतो. यंत्राचं बरं असं की ते थोडं थोडं खातं. काळ्या नखाच्या टोकाला मधोमध गडद ठिपका दिसू लागला की हात आवरायचा. जिव्हाळी जवळ आली.

ही अक्कल मूळची परदेशातली. अल्बर्ट ड्रेमेल नावाच्या गृहस्थांनी 1932 साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या रॅसीन गावी कंपनी काढली. तिचं फिरतं हत्यार लाकूड कोरायला, धातू घासायला वापरायचे. कुत्रेवाल्यांनी ते पळवलं. मग कंपनीनेच पाळीव प्राण्यांसाठी वेगळा नमुना काढला, मिनिटाला साडेसहा हजार आणि तेरा हजार फेऱ्यांचा. आपल्याकडे आली ती त्याची स्वस्त भावंडं, ज्यांच्या खोक्यावर 'आवाजविरहित' असं छापलेलं असतं. कोणासाठी आवाजविरहित? माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही पुढे. आपल्याला जी शांतता वाटते ती त्याला काय वाटत असेल, ते त्यालाच ठाऊक.

खरं तर घासण्याचं नवल या गावाला वाटायलाच नको. कोलंबिया नाही तर झांबियाहून आलेला पाचू पैलू पाडायला जयपूरलाच येतो. लाख आणि कुरुंदाची चकती, कमानीने फिरवायची, आणि डोळा न हलवता दगड टेकवायचा, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. आणि या नव्या यंत्रांच्या टोकाला तर हिऱ्याची पूड लावलेली असते म्हणे! पाचूच्या तोडीची सरबराई आता आमच्या ब्रूनो कुत्र्याच्या करंगळीला. हे मी परकोट्यातल्या एका जुन्या बेगडींना, म्हणजे रत्नं घासणाऱ्या कारागिरांना, हळूच सांगितलं. वाटलं, संतापतील. त्यांनी मान वर न करता एवढंच विचारलं, "पानी डालते हो?"

बघा, जाणकार तो जाणकार. दगड घासताना पाणी सोडतात, कारण घासलं की तापतं. नखावर कोणी पाणी सोडत नाही, आणि एकाच जागी यंत्र धरून ठेवलं की नख तापून कुत्रा पाय ओढतो. लोक म्हणतात, 'घाबरला.' घाबरला नाही, भाजला! सेकंदभर टेकवायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं. केसाळ कुत्रा असेल तर जुना नायलॉनचा मोजा पंजावर चढवून त्यातून फक्त नखं बाहेर काढायची, नाहीतर केस दगडात गुंडाळले जातात आणि मग जे होतं ते मी सांगणार नाही, लहान मुलं वाचत असतील. वास मात्र येणारच. नख आणि केस एकाच केराटिनचे, त्यामुळे घरात केस जळल्यासारखं वाटतं आणि खालच्या मजल्यावरून फोन येतो.

आणि पहिल्याच दिवशी नखाला हात घालणारे महाभाग! आधी यंत्र नुसतं दाखवायचं, मग लांब सुरू करायचं आणि पनीर द्यायचं, मग बंद यंत्र पंजाला लावायचं आणि पुन्हा पनीर. यात आठवडे जातात. पाव्हलॉव्हने घंटेवर जे केलं तेच घर्रर्रवर करायचं. एका घरातला कुत्रा आता मिक्सर लावला तरी लाळ गाळत स्वयंपाकघरात येऊन पंजा पुढे करतो. चटणी वाटायची पंचाईत झालीय.

आपल्या साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याने वाघापासून धन्याचा जीव वाचवला, त्याला पालखीचा मान मिळाला असं सांगतात, संगम माहुलीला त्याची समाधीही आहे. पण त्याच्या नखांना कोणी यंत्र लावलं नसणार. तो सह्याद्रीच्या कातळावर शिकारीला जात होता. आमचा ब्रूनो लिफ्टने खाली उतरतो.

तेव्हा माझा निकाल ऐका. खूळ आहे, नट्टापट्टा आहे, पण वाया गेलेलं नाही. काळी नखं, घाबरट कुत्रा आणि गुळगुळीत जमीन असेल तर यंत्र घ्या, वेग कमी करता येणारं घ्या, आणि महिनाभर पनीरचा खर्च धरा. तेवढा धीर नसेल तर महिन्यातून एकदा जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. नाहीतर ते यंत्रही कपाटात सँडविच टोस्टरशेजारी जाऊन बसेल. आणि घरातल्या बायकांना एक खासगी सूचना: ज्या नवऱ्याने स्वतःच्या पायाची नखं दिवाळी ते दिवाळी कापलेली नाहीत, त्याच्या हाती पहिल्याच दिवशी कुत्र्याचा पंजा देऊ नका.