कोबाल्ट किती आला?

खुब्याचं ऑपरेशन केलं की माणूस पुन्हा चालायला लागतो, हे सगळे सांगतात. पुढे आयुष्यभर तो रक्तातला धातू मोजत बसतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

माझा सांधा तर पुरता बदललेलाही नाही. रिसरफेसिंगमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा कापून टाकत नाहीत. तो तासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि खोबणीत धातूचीच वाटी. बर्मिंगहॅमच्या डेरेक मॅकमिन यांची या प्रकारातली टोपी १९९७ पासून वापरात आली. अँडी मरेने २०१९च्या जानेवारीत हेच ऑपरेशन करून घेतलं आणि ऑक्टोबरात अँटवर्पची टेनिस स्पर्धा जिंकली. मी तेवढ्याच भांडवलावर भाजी आणतो.

टोपी आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या. चालताना त्या एकमेकींवर घासतात, डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात आणि धातू रक्तात उतरतो. मूत्रपिंडं तो बिचारी बाहेर टाकत राहतात. सुरुवातीचं वर्षभर घासणं जास्त, मग दोघी एकमेकींना सरावतात. आमच्या वडिलांनी नवी बजाज स्कूटर पहिले काही महिने चाळिसाच्या वर नेली नव्हती, तसंच हे.

वाटी तिरकी बसली किंवा तिची घडणच सदोष असली, तर मात्र कड घासते आणि आकडे चढत जातात. आजूबाजूचे स्नायूही खराब होतात. डेप्यू कंपनीने आपला एएसआर नावाचा सांधा २०१०मध्ये जगभरातून परत मागवला. आपल्याकडच्या पेशंटांसाठी भरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडलं. दुखरा खुबा घेऊन आठ वर्षं वाट बघायची म्हणजे काय, हे ते सूत्र लिहिणाऱ्यांनी जिना चढून बघायला हवं होतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त घेणारा मुलगा न बघताच विचारतो, “काका, शुगर की थायरॉइड?”

“कोबाल्ट.”

तो पेन खाली ठेवतो, आतल्या मॅडमना फोन लावतो. मग फडताळातून निळ्या टोपणाची ट्यूब निघते, ती धातूचा अंशही नसलेली. सुईच्या स्टीलमध्येही क्रोमियम असतोच. म्हणून शिरेत प्लास्टिकची बारीक नळी ठेवायची, पहिलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये काढून टाकायचं आणि मग निळी लावायची. नाहीतर मोजला जाईल तो सुईचाच क्रोमियम. “बी-१२च्या गोळ्या चालू आहेत का?” हाही प्रश्न रास्त, कारण त्या जीवनसत्त्वाच्या पोटातच कोबाल्ट आहे. मुलगा हे सगळं इतक्या हळुवारपणे करतो, की शुगरवाल्यांची रांग माझ्याकडे आदराने बघू लागते.

ब्रिटनच्या औषध नियामकांनी चौकशीची रेषा ठेवली ती लिटरला ७ मायक्रोग्रॅमवर. अंगातलं पाच लिटर रक्त धरलं तर सगळा मिळून ३५ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कण याहून जड भरेल. एवढ्याशासाठी आमच्या घरात सुतक धरतात. मागच्या खेपेला १.८ होता, यंदा २.१ आला, तर बायकोने आधी माझा जिना बंद केला, मग रिपोर्ट पूर्ण वाचला. डॉक्टर म्हणाले, एका आकड्याने काही ठरत नाही. तो वर्षानुवर्षं कुठे चाललाय ते बघायचं, दुखतंय का ते विचारायचं, शंका आली तर स्कॅन करायचा. हे शहाणपणाचं बोलणं घरी कुणाच्याही पचनी पडलं नाही. मेव्हणीने धातू उतरवायला कोथिंबिरीचा रस सुचवला.

धाक बसावा म्हणून मीच एकदा सांगितलं होतं, की क्वेबेकमध्ये १९६०च्या दशकात बिअरचा फेस टिकावा म्हणून तीत कोबाल्ट घालत आणि त्यापायी भरपूर पिणाऱ्यांची हृदयं निकामी झाली. बायकोने त्यातलं बिअरचं तेवढं उचललं. तेव्हापासून मला पिणाऱ्यांच्या बैठकीत लिंबू सरबत मिळतं.

सोसायटीच्या कट्ट्यावर मात्र माझा वट आहे. तिथे बीपीचे आणि शुगरचे आकडे रोज लावले जातात; कोबाल्ट फक्त माझ्याकडे. शेजारचे नाना तेवढे हार मानत नाहीत. अंगात असा सांधा नसलेल्या माणसाचा आकडा सहसा एकच्या आतच असतो, हे मी त्यांना समजावलं.

“आमचा कुणी मोजलाच नाही हो,” नाना म्हणाले, “नाहीतर आमचाही तीन-चार निघाला असता.”