डॉक्युमेंटरीवाले सर

बेळगुंदीत कुणी रताळी काढताना दिसलं, की रस्त्यानं जाणारा आधी विचारतो, "खरंच काढूलालास, की सरांसाठी?"

प्रश्न रास्त आहे. सरांच्या कॅमेऱ्यापुढं गावातली बहुतेक कामं निदान दोनदा झालेली आहेत. म्हैस दोनदा धुतली गेली, भात दोनदा मळलं गेलं, आणि एका म्हातारीनं तर नातवाला दोनदा निरोप दिला. दुसऱ्या वेळी ती जास्त चांगली रडली, असं सर आजही कौतुकानं सांगतात.

सर बेळगावातल्या एका कॉलेजात माध्यमं शिकवतात आणि उरलेल्या वेळात स्वतंत्र माहितीपट करतात. स्वतंत्र म्हणजे पैसे स्वतःचे, भाकरी वहिनींची आणि माइकचा दांडा धरायला विद्यार्थी. अंगात बारा महिने खिशांचं जाकीट. एका खिशात लेन्सचं टोपण, दुसऱ्यात शेंगा. घाईत कधी काय हाताला लागेल सांगता येत नाही.

वर्गात ते सुरुवात सावेदादांपासून करतात. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर; त्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं, "तिथून आपण मागं वळून बघितलेलं नाही." या 'आपण'मध्ये ते स्वतःला धरतात. पुढं फाळके. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी फाळक्यांनी वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली, हे सांगताना सरांचा गळा भरून येतो. त्याच भरात त्यांनी एकदा शेताच्या कडेला कॅमेरा रोवला आणि रताळ्याची वाढ टिपायला घेतली. रताळं जमिनीखाली वाढतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सर प्राध्यापक; त्यांना सांगायचं कुणी?

मोठा माहितीपट मात्र महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागावरचा. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हा सरांनी आधी शेवट ठरवून टाकला: निकाल जाहीर होतो, चौकातला म्हातारा डोक्यावरची टोपी काढतो, पडदा काळा. म्हातारा ठरला, टोपी ठरली. निकाल तेवढा लागायचा राहिला. पहिला म्हातारा वारला, दुसराही गेला. आता तिसरा तयार आहे आणि तोही देवळाच्या कट्ट्यावर गाठून विचारतो, "सर, माझं कधी?" मध्येच २०१४च्या नोव्हेंबरात बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. पाट्या बदलल्या, आणि तोवरचं सगळं चित्रण एका रात्रीत इतिहास झालं. सर खूश. फुकटात ऐतिहासिक माल हाती आला!

उशीर का होतोय, असं विचारायची सोय नाही. "आनंद पटवर्धनांना 'जय भीम कॉम्रेड'ला चौदा वर्षं लागली," हे उत्तर तयार असतं. ती चौदा वर्षं सरांनी केव्हाच ओलांडली. आणि पटवर्धनांनी २०११ साली तो चित्रपट पुरा करून लोकांना दाखवला, हा भाग ते सांगत नाहीत.

सरांची सल निपाणीची आहे. ६ एप्रिल १९८१ रोजी तिथं शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनावर गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. पुढच्याच वर्षी 'युगांतर' हा गट निपाणीतल्या तंबाखू कामगार बायकांवर 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट करून मोकळा झाला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेऱ्यामागं नवरोज कॉन्ट्रॅक्टर. कारखान्यातली धूळ, मुकादमाचा जाच, संघटना कशी बांधली, सगळं बायकांच्याच तोंडून, पंचवीसेक मिनिटांत. पुढं बर्लिनच्या आर्सेनल संस्थेनं त्याची प्रत दुरुस्त करून जपली. "निपाणी आपली, आणि फिल्म करायला माणसं बेंगळूरहून!" सर दरवर्षी वर्गात ती दाखवतात आणि दरवर्षी संपल्यावर दिवे लावायला जरा वेळ घेतात. मला विचाराल तर फरक उघड आहे. त्या फिल्ममध्ये बायका बोलतात. सरांच्या फिल्ममध्ये सर बोलतात.

कॉलेजात माहितीपटाला भाव नाही. बढतीच्या गुणांच्या तक्त्यात शोधनिबंधाला ठळक रकाना. दोन कपाटं भरून असलेल्या कॅसेटी कुठं दाखवायच्या? शेवटी सरांनी माहितीपट अपुरे का राहतात यावर निबंध लिहिला. तो पुरा झाला.

गावच्या साहित्य संमेलनात एकदा अर्धी फिल्म दाखवली होती. निवेदन कुणीच ऐकलं नाही. "ह्यो बग आमचा आप्पा!" "अगं, ही आक्काची जुनी गाय की!" असा गलका शेवटपर्यंत चालला. सर नाराज झाले; पण गावाला तेव्हाच कळलं, सरांच्या कपाटात काय आहे ते. ज्या घरात आजोबाचा एकही फोटो नाही, त्या घरचे लोक माडीवर येतात, आणि सर कॅसेट शोधून आजोबा दाखवतात: औतामागं चालणारे आणि "कॅमेरा बाजूला घे की रे" म्हणून ओरडणारे. बांधावरच्या फणसाचा वाद तर असाच मिटला. म्हशीच्या मागं फणस स्वच्छ दिसत होता, बांधाच्या पलीकडं. हरलेला पक्ष सरांचा सख्खा भाऊ. तो तेव्हापासून बोलत नाही, पण येणाऱ्यांची रीघ वाढली.

माहितीपट पुरा झाला असता, तर यातली निम्मी माणसं संकलनात कापली गेली असती. तेव्हा सरांनी तो पुरा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची भेट घ्यायची असेल, तर बेळगावहून बेळगुंदीची बस मिळते. कुंदा आणू नका, वहिनी गोड देत नाहीत. आणायचीच असेल तर एखादी चांगल्या क्षमतेची हार्ड डिस्क आणा; घरातल्या सगळ्या भरल्या आहेत.