थोडे अजून टाका

घरातला कॉम्प्युटर २०१७ सालचा. त्यातले ग्राफिक कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४ जीबी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर देणे थांबवले. त्याच महिन्यात विंडोज १० चीही मुदत संपली. कार्डाला हे अजून कोणी कळवलेले नाही, त्यामुळे ते चालू आहे. मुलाच्या मते याला चालणे म्हणत नाहीत.

गोंदियात नवे कार्ड हातात घेऊन बघायला मिळावे, अशी माझी अपेक्षा नाही. दुकानदार म्हणतो, "भाऊ, नागपूरवरून बोलावून देतो, उद्या येऊन जाते." नागपूर इथून रेल्वेने साधारण १३० किलोमीटर. हावडा-मुंबई मार्गावरचे आमचे स्टेशन, गाड्यांना तोटा नाही. तरी उद्या यायला बरेच दिवस लागतात.

तेवढ्या वेळात सल्ले येतात. सगळ्यांचा सूर एकच, थोडे अजून टाका. थोडे अजून टाकले की आरटीएक्स ४०६० येते. ते ११५ वॅट खाते. मदरबोर्डचा स्लॉट देतो ७५. उरलेल्यासाठी वेगळी वायर हवी, ती माझ्या एसएमपीएसला नाही. म्हणजे एसएमपीएस बदला. मग कळते की प्रोसेसर कार्डाला पुरा पडणार नाही. प्रोसेसर बदलला की मदरबोर्ड आला, मदरबोर्डबरोबर रॅम. शेवटी जुन्यापैकी कीबोर्ड आणि माउस राहतात. कार्डच बदलले, असे घरात सांगायचे.

स्वस्तातले घ्यावे, तर एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीचा न्याय बघा. २०२२ च्या जानेवारीत आलेले हे कार्ड चारच लेनवर चालते. पीसीआयई ४.० च्या नव्या बोर्डावर ते भागून जाते, जुन्या ३.० वर वेग मार खातो. म्हणजे गरिबाचे कार्ड, पण नीट चालायला श्रीमंताचा बोर्ड हवा. सेकंडहँडचा रस्ताही आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. प्रत्येक विकणारा सांगतो की त्याचे कार्ड फक्त रविवारी वापरले जायचे.

पण खरी तक्रार नावांची आहे. जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली जीडीडीआर५ मेमरीवर आले. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ वर आले, मेमरीचा वेग जेमतेम एक तृतीयांश. आरटीएक्स ३०५० पण तसेच. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर, ६ जीबीवाल्यात २३०४. वाचणाऱ्याला वाटते, फरक फक्त मेमरीचा. आमच्याकडे एचएमटीच्या पोत्यात दुसराच तांदूळ भरून विकला, तर गिऱ्हाईक पोते दुकानातच उलटे करते. कार्डाच्या खोक्याला ती सोय नाही.

विजेचे म्हणाल, तर आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. तरी आभाळ गडगडले की घरची लाइन जाते. यात त्या केंद्राचा काही दोष नाही. पण अशा ठिकाणी ४५० वॅटचे आरटीएक्स ४०९० घ्या म्हणणाऱ्या पुण्याच्या भाच्याला मे महिन्यात इथे मुक्कामाला बोलवावे, असे वाटते. कूलरला पाणी त्यानेच भरायचे.

तर माझा निर्णय झाला आहे. आरटीएक्स ३०५०, ६ जीबी. ७० वॅट, बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. कमी कोअरवाले, हे माहीत असून. सल्लागारांना ते पटलेले नाही, थोडे अजून टाकायला हवे होते म्हणतात.

तुमचेही मशीन याच वयाचे असेल, तर आधी एसएमपीएसवरचा स्टिकर वाचा, कॅबिनेटच्या आतली जागा टेपने मोजा, आणि पावतीवर नावापुढे ६ जीबी की ८ जीबी हे दुकानदाराला लिहायला लावा.