सबालक लंडनगमनाची संहिता

कारवारास जावयाचे तर घाट उतरावा लागतो आणि जोयड्यास जावयाचे तर अरण्य ओलांडावे लागते, अशा अणशी गावच्या गृहस्थास दोन अल्पवयीन अपत्यांसह लंडनला जाण्याची बुद्धी झाली, तर आप्तेष्टांनी त्यास परावृत्त करण्याचा यत्न करू नये. कारण ही बुद्धी बहुधा तिकिटे काढून झाल्यावरच जाहीर होत असते. अशा गृहस्थाच्या उपयोगासाठी पुढील नियम लिहिले आहेत. त्या सर्वांचे मूळ एकच, ते असे की या प्रवासात पालक हा प्रवासी नसतो. दौऱ्यावर निघालेले साहेब म्हणजे मुले. माता ही शिरस्तेदार, आणि पिता हा खजिनदार व प्रसंगी पट्टेवाला. ही व्यवस्था ज्याने उंबरठा ओलांडतानाच मान्य केली त्याचा प्रवास सुखाचा होतो. लंडन आपण पाहणार आहोत असा ज्याने ग्रह करून घेतला त्याचा विमानतळावरच तेजोभंग होतो.

या उद्योगास नजीर नाही असे मात्र कोणी समजू नये. पंडिता रमाबाई आपल्याच सह्याद्रीत, गंगामूळच्या रानात, 1858 साली जन्मल्या, आणि 1883 साली, पतिनिधनानंतर वर्ष-सव्वा वर्षातच, दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन आगबोटीने इंग्लंडला गेल्या. पुढे 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्याच कन्येसह अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियास पोहोचल्या. एवढ्या प्रवासात मुलीस गप्प बसविण्यासाठी त्यांनी हाती मोबाइल दिल्याचा पुरावा कोठेही आढळत नाही.

आता कागदपत्रे. दोन महिन्यांच्या अर्भकासही स्वतंत्र पासपोर्ट आणि स्वतंत्र व्हिसा लागतो. हुबळीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात हजर होण्यापूर्वी जन्मदाखला आणि आईबापांची ओळखपत्रे एका सतरंजीवर मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. कारण बापाचे नाव घरात मराठी, पंचायतीत कन्नड आणि अर्जात इंग्रजी अशा तीन अमलांखालून गेलेले असते, आणि प्रत्येक अमलाने त्यावर एखादे अक्षर जकात म्हणून काढून घेतलेले अथवा नजराणा म्हणून चढविलेले असते. आपला कारवारचा जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, हा युक्तिवाद खिडकीवरील कारकुनापुढे करू नये. तो सत्य असला तरी मागे रांग मोठी असते. ब्रिटिश सरकार पाच वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाही. ही सवलत मुलांवर नव्हे, तर ठसे घेणाऱ्या यंत्रावर दया येऊन दिली असावी, असे माझे मत आहे. छायाचित्रास मात्र सूट नाही. त्यात डोळे उघडे आणि तोंड मिटलेले हवे, व या दोन गोष्टी तान्ह्या मुलाच्या ठायी एकाच क्षणी क्वचितच संभवतात.

सामानाचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण त्यात आजी हा स्वतंत्र पक्षकार असतो. ब्रिटनमध्ये भारतातून मांस, दूध वा दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे; सबब घरचे तूप, पेढे आणि खव्याच्या पोळ्या या तिन्ही बाबी खारीज समजाव्यात. तूप हे अन्न नसून औषध आहे, हा आजीचा दावा अणशीत अबाधित असला तरी हीथ्रोच्या जकातीत टिकत नाही. जोयड्याची कंदमुळे नेऊन लंडनकरांस थक्क करावे अशी इच्छा होईल. परंतु ताज्या कंदास रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो, आणि तो हाती येईतो कंदास कोंब येतात. सुक्या खोबऱ्याची वाटी तर ज्वालाग्राही ठरून आपल्याच विमानतळावर अडते. उरले काय? नाचणीचे सत्त्व, मेतकूट, भाजके पोहे, आमसुले आणि फणसाचे पापड. एवढ्या शिदोरीवर मराठी बालक पंधरवडाभर तग धरते, आणि शेवटी धीर सुटलाच तर हीथ्रोजवळच्या हाउन्स्लोत दोन मुंबईकर मित्रांनी 2010 साली काढलेले वडापावचे दुकान आहे.

विमानप्रवासाविषयी लिहिण्याजोगे थोडे आहे. तो नऊ-दहा तासांचा असतो आणि रडणे सर्वांस ऐकू जाते. विमान उतरताना तान्ह्यास पाजीत राहावे, म्हणजे कानांस दडे बसत नाहीत. खरा घोटाळा घड्याळाचा. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असते, त्यामुळे अणशीत सहाच्या ठोक्यास उठणारे मूल तेथे रात्री दीड वाजता उठून अंघोळीचे पाणी मागते, आणि सायंकाळी चारला, नेमके पालक संग्रहालयाच्या दारी पोहोचले असता, निद्राधीन होते. मे अखेरीस सूर्य रात्री नऊपर्यंत मावळत नाही. अशा देशात अंधार पडल्यावर झोपायचे, ही घरची शिस्त अमलात आणण्याचा हट्ट धरू नये.

नगरभ्रमणासाठी भुयारी रेल्वे प्रसिद्ध आहे. 1863 साली सुरू झालेली ती जगातील पहिली; तथापि तिच्या जन्मदात्यांनी बाबागाडीचा विचार केलेला नव्हता, आणि आजही सुमारे एक तृतीयांश स्थानकांतच पायऱ्यांवाचून रस्त्यापासून फलाटापर्यंत जाता येते. सरकत्या जिन्यावर उभे राहणाऱ्याने उजवीकडे राहावे व घाईच्या माणसास डावी बाजू मोकळी ठेवावी, हा तेथील अलिखित धर्मशास्त्राचा पहिला नियम. अणशीचे मूल डावीकडे, दोन्ही हात पसरून उभे राहते आणि क्षणार्धात साम्राज्याची वाहतूक तुंबविते. हॅम्पस्टेड स्थानकात उद्वाहक असूनही 320 पायऱ्यांचा गोल जिना आहे. त्याची वार्ता मुलांच्या कानी जाऊ देऊ नये. चढ दिसला की चढावे, हा घाटमाथ्यावरचा संस्कार तेथे उफाळून येतो. याहून दुमजली बस शतपटीने बरी. अकरा वर्षांखालील मुलांस तीत भाडे नाही, आणि वरच्या मजल्यावरील अगदी पुढचे आसन मिळाले तर राजवाडा पाहण्याचे तिकीट वाचते.

प्रेक्षणीय स्थळांची यादी करावी, परंतु ती मुलांस दाखवू नये. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये प्रवेश विनामूल्य असून छताखाली 25 मीटर लांबीचा देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. मुले त्याकडे पाहून ‘हा मेला कसा?’ एवढेच विचारतात. तो 1891 साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकून मेला, हे उत्तर पाठ असावे. ज्या घरात बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये राहिले आणि जे महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतले, ते 10, किंग हेन्रीज रोड येथील घर मराठी माणसाने चुकविता कामा नये. सुदैवाने प्रिमरोझ हिलचा गवताळ उतार तेथून जवळ आहे, आणि घरात गंभीरपणे वावरल्याचे इनाम म्हणून त्यावरून गडगडत जाण्याची परवाना-मंजुरी आगाऊ देता येते. टेकडीपलीकडे प्राणिसंग्रहालय आहे. अणशीच्या व्याघ्रप्रकल्पात जन्म काढूनही ज्यास वाघाचे दर्शन घडले नाही, त्या पित्यास तेथे पौंड मोजून सुमात्राचा वाघ पाहावयास मिळतो. मुले मात्र, शेकरू रोज पाहत असूनही, बागेतल्या वीतभर करड्या खारीमागे तासभर धावतात. अशा वेळी पित्याने बाकावर बसून पापड खावा.

परतीची तारीख लांबून जूनमध्ये गेली, तर सामान सोडवून घेण्यापूर्वी कारवारास फोन लावून अणशीच्या घाटात दरड कोसळली आहे की काय, याची आधी चौकशी करावी.